भावोजी, देवी आणि तेहतीसचे टायर

माणसाची ओळख त्याच्या तोंडावरून ठेवायची असते, ही गोष्ट आमच्या भावोजींना लहानपणी कुणी सांगितलीच नसावी. ते खाली बघतात. खाली म्हणजे पायांकडे नव्हे, टायरांकडे. अख्ख्या पेडणे तालुक्यात असा माणूस नसेल ज्याचं नाव भावोजी विसरलेले नाहीत, आणि अशी गाडी नसेल जिचे टायर त्यांना आठवत नाहीत. "तो रे, पुढचे दोन नवे आणि मागचे दोन गुळगुळीत," असं ते एखाद्याचं वर्णन करतात, आणि गंमत म्हणजे माझ्या ताईला तो माणूस बरोबर कळतो. माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा ते पेडण्याहून डिचोलीला मला बघायला आले. अंगणात माझी गाडी उभी होती. घरात शिरले, खाटेशेजारी कदेल ओढून बसले, माझा हात हातात घेतला आणि अगदी भरल्या गळ्याने म्हणाले, "मागच्या डाव्यात हवा कमी आसा रे. काळजी घी."

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी रस्ते करण्याच्या कामावर देखरेख करण्यात घालवली. खडी, डांबर, रोलर यांच्या मागे उन्हात उभं राहून त्यांचा रंग डांबरावर गेला आणि आवाज रोलरवर. असा माणूस निवृत्त झाल्यावर काय करील? गुळगुळीत रस्त्यावरून ऐटीत फिरेल, असं आपल्याला वाटतं. भावोजींनी रस्त्याची गरजच नाही अशी गाडी घेतली. फोर-व्हील ड्राइव्ह जीप. कारण विचारलं तर डोंगरावरची काजूची बाग दाखवायचे. ती बाग खरी, तिकडे जाणारी तांबड्या मातीची वाट खरी, आणि पावसाळ्यात त्या वाटेवर माणसाची चप्पल अडकली की चप्पल तिथेच ठेवून घरी यावं लागतं हेही खरं. पण पावसाळ्यात काजू नसतात, हे मी एकदा बोलून दाखवलं. त्यानंतर महिनाभर ते माझ्याशी फक्त ताईमार्फत बोलत होते.

माझ्या मुलीच्या लग्नात मुहूर्ताची वेळ झाली आणि भावोजी सापडेनात. मुलीचा बाप म्हणून अंतरपाटाजवळ माझी धांदल, ताई अक्षता वाटण्यात, आणि हे गायब. शेवटी कुणीतरी सांगितलं की फुलांनी सजवलेल्या नवरदेवाच्या गाडीखाली नवीन धोतर नेसलेले दोन पाय दिसताहेत. अक्षता पडल्यावर ते आले, धोतराला ग्रीस, कपाळाला माती, आणि माझ्या कानाला लागून म्हणाले, "जावई बरो आसा. चारय टायर सारके झिजलेत. असो माणूस बायलेक त्रास दिवचो नाय." त्यांचं या बाबतीत स्वतःचं एक शास्त्र आहे. टायर एका कडेने झिजलेला असला तर मालक हट्टी, मधेच झिजलेला असला तर उधळ्या, आणि स्टेपनीवर धूळ नसली तर संशयी. मला हे सगळं थोतांड वाटतं, पण जावई खरोखरच बरा निघाला, त्यामुळे माझं तोंड बंद आहे.

सकाळी पोदेर भोंगा वाजवत सायकलवरून पाव घेऊन येतो. गावातली माणसं त्याच्याकडून उंडे घेतात, पोयी घेतात. भावोजी त्याच्या सायकलचं चाक अंगठ्याने दाबून बघतात आणि चढावाला कसले टायर घालावेत यावर त्याला उपदेश करतात. तो गरीब मागे ओळीत थांबलेल्या बायकांकडे बघून म्हणतो, "भाऊ, उंडे जाय काय ना? लोक रावल्यात." संध्याकाळी दारापुढच्या बाल्कांवात, तिथल्या बसायच्या सोप्यावर, ताई तांदूळ निवडायला बसते आणि भावोजी खाली अंगणात बसून टायरांच्या खाचांत अडकलेले खडे काढतात. दोघंही आपापले खडे काढताना एकमेकांशी बोलत नाहीत. पण एकाचं काम लवकर संपलं तर तो उठत नाही, दुसऱ्याचं संपेपर्यंत उगीच हात चालवत राहतो. हे मी कितीदा तरी पाहिलं आहे.

तर ही जीप. पहिलं वर्ष ती कंपनीने दिली तशी धावली. मग भावोजींच्या मनात भरलं की गाडी उंच करायची. साखळीत एक मिस्त्री आहे, त्याचा हात खाणीच्या ट्रकांवर बसलेला. त्याच्याकडे गाडी चार दिवस राहिली आणि स्प्रिंगा, दांडे, काय काय बदलून परत आली तेव्हा ती अशी दिसत होती की कुणी पाणी ओलांडायला धोतर वर खोचलंय. कारण गाडी वर गेली होती आणि टायर मात्र होते तेच राहिले होते. चाकावरच्या कमानीत एवढी पोकळी झाली की शेजाऱ्यांची मांजर तिथे निजायला लागली. भावोजी रोज सकाळी त्या पोकळीकडे बघून सुस्कारा सोडायचे. "लिफ्ट केलंय खरी, पण आता मोठे टायर घातल्याशिवाय हिका शोभा येवची नाय," असं त्यांनी जाहीर केलं, आणि आमच्या सगळ्यांच्या आयुष्यातला टायरांचा मोसम सुरू झाला.

टायर ऑल-टेरेन घ्यायचे, हे नक्की होतं. म्हणजे डांबरावरही चालावेत आणि चिखलातही हटू नयेत. प्रश्न मापाचा होता. एकतीस इंची की तेहतीस इंची? एवढ्याशा प्रश्नावर माणूस किती बोलू शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं. माझं डिचोलीत कापडाचं दुकान आहे, दोन इंचांवरून हुज्जत घालणारी गिऱ्हाइकं मी जन्मभर पाहिली आहेत. पण एखाद्या बाईने ब्लाउजपिसासाठी जेवढी घासाघीस करावी त्याच्या दसपट भावोजींनी स्वतःशीच केली. एकतीस घातले तर गाडी कुठे घासणार नाही, मायलेज फार पडणार नाही, स्टेपनी मागच्या दारावर नीट बसेल. तेहतीस घातले तर वळवताना मडगार्डला घासण्याची भीती, इंजिनावर भार, वेगाचा काटा कमी दाखवणार, म्हणजे गाडी पळत असणार आणि काटा म्हणणार आम्ही रमतगमत चाललोय. सगळे मुद्दे एकतीसच्या बाजूचे. मी म्हटलं, मग अडलं कुठे? दोन इंचांनी असा काय फरक पडतो?

"तुझ्या नाकाक दोन इंच लावन बघ, मगे सांग," भावोजी म्हणाले. मग जरा मवाळ होऊन म्हणाले, "अरे, एकतीसान काम भागता. तेहतीसान मन भागता."

दर शुक्रवारी ते म्हापशाच्या बाजाराला जात. ताई सुकी मासळी, मिरच्या, केळी बघायची आणि भावोजी टायरच्या दुकानात तेहतीसचा टायर बघायचे. पहिल्या शुक्रवारी दुकानदाराने चहा मागवला. नंतरच्या एका शुक्रवारी नुसतं पाणी दिलं. पुढे पुढे भावोजी दिसले की तो फोन कानाला लावून आतल्या खोलीत जायचा, आणि भावोजी नव्या रबराचा वास घेत एकटेच त्या टायराजवळ उभे राहायचे. माझ्या दुकानातली मोजपट्टी त्यांनी उचलून नेली ती आजतागायत परत केलेली नाही. एकदा तर सुताराकडून तेहतीस इंचांचं फळीचं गोल चाक कापून आणलं आणि जीपच्या कमानीत धरून स्टिअरिंग फिरवून बघितलं. चाक धरायला मी, स्टिअरिंगवर ते. "घासता?" "घासतं." "खंय घासता?" "माझ्या बोटांना." त्या दिवशी संध्याकाळी ताईने माझ्या बोटांना हळद लावली, आणि तेव्हाच मला पहिल्यांदा कळलं की या सगळ्या मापात एक माप कुणी घेतलेलंच नाही.

ताईचे गुडघे बरीच वर्षं दुखतात. जीप साधी होती तोवर तिचं जमत असे. उंच केल्यावर भावोजींनी गाडीत एक स्टूल ठेवलं होतं. गाडी थांबली की ते उतरून स्टूल मांडायचे आणि ताई त्यावर पाय ठेवून राणीसारखी खाली यायची. लोक हसत, ताईही हसायची. पण साखळीतल्या एका लग्नात खडीवर स्टूल मांडलं गेलं, ते कललं, आणि ताई दाराच्या दांड्याला लोंबकळत राहिली. मी आणि दोघंतिघं धावलो म्हणून निभावलं. भावोजी तेव्हा मागच्या चाकात अडकलेला दगड काढत होते. ताईने साडी झटकली, हसली, आणि मला डोळ्यांनी गप्प राहायला सांगितलं. त्यानंतर तिने म्हापशाला जाणं सोडलं. आज डोकं दुखतंय, आज पापड घालायचे आहेत, आज कुणी पाहुणे यायचे आहेत. श्रावणातले सोमवार गेले, ती नार्व्याला सप्तकोटेश्वराला गेली नाही. लहानपणापासून आईबरोबर, मग एकटीने, मग भावोजींबरोबर तिने ते सोमवार चुकवले नव्हते.

त्या संध्याकाळी बोटांना हळद लावता लावता ती मला म्हणाली, "तेंका सांगू नको हां. गळ्याची शपत आसा. तेहतीस घातले की गाडी आणखी दोन बोटा वयर जातली, मग माझ्यान चडाक जमाचा नाय, ता माका ठावक आसा."

"मग सांग त्यांना," मी म्हणालो.

"कित्याक? गुडघे माझे, गाडी तेंची. जन्मभर दुसऱ्यांच्या गाडयेंसाटी रस्ते केल्यांनी. एक गाडी तेंच्या मनासारकी होवदे."

"आणि तू?"

"मी दारात उभी रवान टाटा करतलंय," ताई म्हणाली आणि हळदीची वाटी घेऊन आत गेली.

मला भयंकर राग आला. ताईचा आला, भावोजींचा आला, त्या टायरांचा तर आलाच. ज्या माणसाला पन्नास पावलांवरून दुसऱ्याच्या टायरातली हवा कळते त्याला आपली बायको घरी का बसते ते कळू नये? पण ताईने शपथ घातली होती, आणि आमच्या घरात थोरल्या बहिणीची शपथ मोडायची रीत नाही.

भावोजींचा निर्णय काही होईना. शेवटी म्हापशाचा दुकानदारच कंटाळला. त्याने सांगितलं, तेहतीसचा एकच संच उरलाय, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, शुक्रवारपर्यंत काय ते कळवा. आता आमच्याकडे माणसाची बुद्धी थांबली की पुढचं काम देवीचं. लग्न जमवायचं, विहीर खणायची, घराला वरचा मजला चढवायचा, काहीही असो, देवळात जाऊन प्रसाद घ्यायचा. भटजी देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावतात, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतात आणि वाट बघतात. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. भावोजींनी ठरवलं, टायरांचा निवाडा गावच्या सातेरीने करायचा. आणि नेमकं त्याच आठवड्यात त्यांच्या भावकीत कुणाला तरी मुलगा झाला. सोयर आलं. दहा दिवस देवळाची पायरी बंद.

"तू जा," भावोजी मला म्हणाले. "तुका आमचा सोयर नाय. माझ्या वतीन विचार. एकतीस काय तेहतीस, सरळ विचार."

मी दुकान बायकोवर सोपवून सकाळी देवळात पोचलो. भटजींनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "देवीक आकडे सांगूचे नसतत. ती काय दुकानदार आसा? तिका होय-नाय असाच विचारूचा लागता." मग त्यांनी पाकळ्या लावल्या, हात जोडले आणि ज्या गंभीर आवाजात ते पाऊस-पाण्याचं, रोगराईचं गाऱ्हाणं घालतात त्याच आवाजात सुरुवात केली. "बा गे देवी सातेरी माये, आज हो तुझो लेकरू सोयर पडल्यामुळे तुझ्या दारात येवक शकणा नाय, ता तू पदरात घे. तेच्या वतीन हो तेचो मेवणो तुझ्या पायाकडे उभो आसा. तुझ्या लेकराची जी काय गाडी आसा, चार चाकांची, पाचवा मागे टांगलेला, तिचे टायर वाढवूचे असा तेच्या मनात इला आसा. वाढवूचे आसतीत तर उजवी दी, नको आसात तर डावी दी, आणि काय वाकडानाकडा आसात ता सरळ कर गे माये!"

"होय म्हाराजा!" मागे बसलेल्या दोन म्हाताऱ्या म्हणाल्या. त्यांना टायरांशी काही देणंघेणं नव्हतं, पण गाऱ्हाण्याला होकार द्यायचाच असतो.

मी हात जोडून उभा होतो आणि मनात, देवी मला क्षमा करो, डावी पाकळी मागत होतो. इतका कळवळून मी माझ्या ऑपरेशनच्या वेळीही काही मागितलं नव्हतं. समई तेवत होती. दोन्ही पाकळ्या आपापल्या जागी घट्ट. मग उजवी किंचित हलली, सरकली, आणि टपकन खाली पडली. "दिली!" भटजी आनंदाने म्हणाले. "एवढी बेगीन कुणाक दिवक नाय." मी दक्षिणा ठेवली, नमस्कार केला आणि बाहेर येऊन पायरीवर बसलो. खोटं सांगावं असा विचार मनात आला. पण गिऱ्हाइकाशी कापडाच्या रंगावरून थोडंफार खोटं बोलणं वेगळं आणि देवीच्या नावाने बोलणं वेगळं. एवढी छाती माझी नाही.

भावोजी बाल्कांवात बसले होते. आत स्वयंपाकघराचं जनेल, म्हणजे खिडकी, उघडं होतं आणि ताई नारळ खवत होती, तो आवाज बाहेर येत होता. मी फाटकातून शिरलो तसा तो आवाज थांबला. प्रसादाचं फूल ठेवलेल्या माझ्या हातातल्या पानाकडे बघून भावोजी म्हणाले, "फूल माझ्याकडे दिव नको, सोयर आसा. नुसता उत्तर सांग."

"उजवी दिल्यान," मी म्हणालो.

मला वाटलं होतं ते उडी मारतील. ते बसूनच राहिले. मग त्यांनी विचारलं, "भटजीन गाऱ्हाणा कसा घातल्यान? शब्दान शब्द सांग. देवीकडे शब्दाक वजन आसता."

मी आठवेल तसं सगळं म्हणून दाखवलं, पाचव्या टांगलेल्या चाकासकट.

"वाढवूचे म्हटल्यान?"

"होय."

"मोठे घालूचे असा नाय म्हटल्यान? नक्की?"

"नाही. वाढवूचे असंच म्हणाले."

भावोजी उठले. अंगणात उतरले, जीपभोवती एक चक्कर मारली, कमानीतल्या पोकळीत हात घालून थोडा वेळ उभे राहिले. त्यांची पाठ माझ्याकडे होती. मग ते वळले आणि स्वयंपाकघराच्या जनेलापर्यंत पोचेल अशा, रस्त्याच्या कामावरच्या आवाजात म्हणाले, "म्हणजे झाला! देवीन निकाल दिल्यान. टायराचो विषय संपलो."

"होय, मोठे घाला आता," मी कसंबसं म्हणालो.

"खुळो काय रे तू? कापडा मोजून मोजून भाषा इसारलंस? सांजवेळार तू दुकान वाढवतंस तेव्हा काय करतंस? दुकान मोठा करतंस?"

"बंद करतो."

"देवळात नारळ वाढवतंस तो केवढो होता?"

आपल्या भाषेत अशुभ शब्द तोंडातून काढायचा नाही म्हणून आपण दुकान बंद करत नाही, वाढवतो. नारळ फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटली तरी ती वाढली म्हणतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण देवीच्या दारात चार चाकांच्या गाडीला कुणी असा अर्थ लावील हे माझ्या सात पिढ्यांना सुचलं नसतं.

"टायर वाढव म्हणजे टायराचो नाद आवर," भावोजी म्हणाले. "तिना उजवी देवन सांगल्यान. मी देवीच्या शब्दाभायर जाणारो माणूस न्हय."

"पण भावोजी, तुमचं मन? तेहतीसाने मन भागतं म्हणत होता ना?"

त्यांनी जनेलाकडे एकदा बघून आवाज खाली आणला. "अरे, गाडी कितीय मोठी केलंय आणि बाजूची सीट मोकळी ऱ्हवली, तर मोकळी सीट खडखडता. रस्ताभर खडखडता. दोन महिने आयकतंय मी. माका गाडीत आवाज खपणा नाय."

तेवढ्यात आत नारळ खवण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. आधीपेक्षा बराच जोरात. मला एवढं हलकं वाटलं की मी तिथेच सोप्यावर बसलो आणि खुळ्यासारखा हसायला लागलो. डोळे पुसावे लागले, ते हसण्यामुळेच असं मी भावोजींना सांगितलं.

नंतर मी भटजींना गाठून विचारलं की त्यांच्या मनात कोणता अर्थ होता. ते म्हणाले, "माझ्या मनात मोठे करूचे हाच होता. पण प्रसाद मी घेवक नाय. अर्थ लावूचो तो ज्याचो प्रश्न, तेणी." आता भावोजींना खरोखरच देवीचा कौल तसा वाटला, की उजवी ऐकल्यावर त्यांनी तिथल्या तिथे वाट काढली, की डावी पडली असती तरी ते हेच करणार होते, ते मला कळलेलं नाही. मी विचारणारही नाही. जन्मभर डोंगराला वळसा घालून रस्ते नेलेला माणूस आहे, सरळ जाता येत नसेल तिथे कसं वळायचं हे त्याला कुणी शिकवायला नको.

म्हापशाच्या दुकानदाराला तेहतीस नको म्हणून कळवलं तेव्हा तो फोनवरच देवाचं नाव घेऊन मोकळा झाला. मग जीप पुन्हा साखळीला गेली. मिस्त्रीने कपाळाला हात लावला. गाडी उंच करायला लोक येतात, उंच केलेली खाली उतरवायला आलेलं हे त्याचं पहिलंच गिऱ्हाईक. भावोजींनी त्याला देवीचं नाव सांगितलं, तसा तो पाना घेऊन गाडीखाली शिरला. आणि टायर मात्र घेतले. ऑल-टेरेनच घेतले, पण कंपनीच्या मूळ मापाचे. डांबरावर बारीक गुणगुणतात, तांबड्या मातीत हटत नाहीत, आणि कमानीत कसे भरून बसलेत! भावोजी येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगतात की माप मोठं असण्यात काही नाही, नक्षी बघायची असते. हा शोध त्यांना मुळातच लागला होता असं त्यांचं म्हणणं आहे.

पण परवा आम्ही डिचोलीच्या बाजारात उभे होतो, भावोजी मला टायरातली हवा थंडीत किती ठेवावी ते समजावत होते, आणि शेजारून तरण्या पोरांची एक जीप गेली. उंच, चिखलाने माखलेली, आणि खाली नक्की तेहतीसचे टायर. भावोजी वाक्याच्या मध्येच थांबले. ती जीप वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. मग खिशातला रुमाल काढून त्यांनी चष्मा पुसला आणि मला म्हणाले, "खंय होतंय मी?" मी म्हणालो, "हवेत होता." त्यांना विनोद कळला, पण हसले नाहीत. एखादी गोष्ट सोडली म्हणजे ती लगेच मनातून जाते असं थोडंच आहे?

गेल्या सोमवारी नार्व्याहून परतताना दोघं माझ्याकडे चहाला आली. ताईच्या डोक्यात अबोली होती आणि तोंडावर देवळातून आलेल्या माणसाचं समाधान. चहा, गूळ-खोबरं घातलेले फोव, गप्पा झाल्या. निघताना भावोजींना माझ्या शेजाऱ्याची नवी गाडी दिसली, तसे ते दुसऱ्या कपासह थेट तिच्या मागच्या चाकाशी जाऊन बसले. ताईने थोडा वेळ वाट बघितली. मग पदर खोचून अंगणात उतरली, जीपचं दार आपल्या हाताने उघडलं, दांडा धरला आणि कुणाचा हात न घेता चढून बसली. माझ्याकडे बघून तिने भुवया उडवल्या. मग बाजूला वाकून तिने हॉर्न दाबला, असा की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली.

"इलंय गे, इलंय!" म्हणत भावोजी धावले. कप तिथेच शेजाऱ्याच्या चाकापाशी राहिला, आणि ते दारापर्यंत पोचायच्या आत तिने हॉर्न आणखी एकदा दाबला.